बॉडी

रात्री सव्वादहा. पाटोवरच्या आमच्या कचेरीत
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय,
आणि इंग्रजी डेस्कवरून मथळा येतो:
बॉडी फाउंड इन वॉटर बॉडी,
लोकल बॉडी सीक्स प्रोब.

एका दमात तीनदा तोच शब्द.
पहिल्याचा मी मृतदेह करते,
दुसऱ्याचा जलाशय,
तिसऱ्याशी अडते. पंचायत की नगरपालिका?
न विचारता छापलं
तर सकाळी चहाआधी सरपंचांचा फोन.

बावीस वर्षं हेच चाललंय.
टॅक्सीवाल्यांची बॉडी संपावर गेली, तिची संघटना झाली.
फुटबॉलवाल्यांच्या बॉडीत खुर्च्या उडाल्या, तिची कार्यकारिणी.
देवळाच्या बॉडीत भांडण,
तिथे तर महाजन म्हणावंच लागतं, नाहीतर पालखी अडते.
ट्रॉलरची बॉडी फायबरची.
जिमवाल्या पोराची बॉडी पुरवणीच्या पान चारवर, रंगीत.

दयेश नवा होता तेव्हा
स्टुडंट्स बॉडी मंत्र्यांना भेटली होती.
त्यानं लिहिलं, विद्यार्थ्यांच्या मृतदेहानं
मंत्र्यांना निवेदन सादर केलं.
पान प्लेटपर्यंत गेलेलं.
सगुणबाबांनी धावत जाऊन थांबवलं,
आणि मग इतके हसले की चष्मा चहात पडला.
अजून कोणी निवेदन घेऊन आलं
की आम्ही आधी नाडी बघू म्हणतो.

डिचोलीहून उल्हास मळीकचा फोन.
‘जलाशय कसला, मॅडम?
खाणीचा खड्डा तो. खाण बंद पडली, पाणी भरलं,
आणि कागदावर वॉटर बॉडी झाली.
त्यात पंप बसवलेला, खालच्या शेतांना पाणी द्यायला.
पंपावर सोयरू असायचा. सोयरू घाडी.
फुटबॉल अडकला काढायला उतरला.’
‘फुटबॉल?’
‘पंपाच्या तोंडावरची जाळी, तिला फुटबॉल म्हणतात.’
तो जरा थांबला.
‘फूटवॉल्व. पण इथे सगळे फुटबॉलच म्हणतात.’

त्याच्यामागे बाईचा आवाज.
रडत नव्हती. बस कधी सुटते विचारावं
तसं कोणाला तरी विचारत होती:
‘कूड केन्ना दितले?’

माझ्याकडे एक वही आहे.
बॉडी या शब्दासमोर सतरा अर्थ लिहिलेत,
निळ्या शाईत, नंतर काळ्या, दोन पेन्सिलीनं.
कूड त्यात नाही.

आई म्हणायची, कुडीक बरें ना.
म्हणजे ताप, म्हणजे आज डाळ नुसती फोडणीची,
म्हणजे कोणी माझ्याशी बोलू नका.
चालत्याबोलत्या माणसाची असायची कूड,
आणि इथे गोमेकॉच्या दारात तीच,
तोच शब्द, पावती घेऊन मिळणार.

‘बॉडी कापा!’ नाईट चीफ ओरडतात.
‘कसिनोची जाहिरात आलीय, सहा ओळी कापा.’
आमच्यात मथळा, इंट्रो, मग बॉडी.
रोज कापतो. कात्री सुद्धा लागत नाही.

पंचायतीची चौकशीची मागणी गेली.
कंपनीच्या प्रवक्त्याचं दुःख गेलं.
जलाशय खोडून खाणीचा खड्डा लिहिलं,
त्यानं एक अक्षर वाढलं, तेवढ्यावरून वाद झाला.
सोयरूचं नाव ठेवलं. फुटबॉल ठेवायला हवा होता,
पण समजावून सांगायला तीन ओळी लागल्या असत्या.

कूड टाइप केलं. पडद्यावर बघत राहिले.
शुद्धलेखनवाल्या प्रोग्रॅमनं खाली लाल रेघ ओढली.
खोडलं. मृतदेह.

पावणेदोनला ताळगावात उतरले.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दुसऱ्या वळणावर कठडा धरून उभी राहिले
आणि तोंडातून निघालं,
कोणीच नव्हतं ऐकायला,
कुडीक बरें ना.